पाहुण्याची पायरी

मित्रमंडळी एकत्र जमली, की प्रवासाचे बेत निघतात. कोणी नकाशा पसरतो, कोणी खर्चाचा हिशेब मांडतो, कोणी सर्वांच्या सुट्ट्यांचा मेळ घालतो. एकट्याने केलेल्या प्रवासात चिंतन असते, कुटुंबासह केलेल्या प्रवासात जबाबदारी असते. मित्रांच्या सोबतीने केलेल्या प्रवासात मात्र मोकळेपणा असतो. त्यातून ठिकाण दूरचे असावे, वाट समुद्राने अडवलेली असावी, गाडी होडीवर चढवून पलीकडच्या तीरावर न्यावी लागावी, म्हणजे या मोकळेपणाला साहसाचीही जोड मिळते. दूरच्या बेटांचे आकर्षण तरुण मनाला वाटते ते यामुळेच. हे आकर्षण स्वाभाविक आहे आणि निरोगीही आहे. परंतु मोकळेपणाला मर्यादा असते काय, आणि असल्यास ती कोणी घालायची, हा प्रश्न अशा प्रवासात केव्हा ना केव्हा समोर येतोच. भारतात तो सर्वांत स्पष्टपणे समोर येतो अंदमानच्या एका रस्त्यावर.

बंगालच्या उपसागरात अंदमान आणि निकोबार या द्वीपसमूहात लहानमोठी बेटे आणि खडक मिळून संख्या आठशेच्या वर जाते. मनुष्यवस्ती मात्र त्यांतील जेमतेम तीसएक बेटांवर आहे. राजधानीचे शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव ‘श्री विजयपुरम’ असे ठेवण्यात आले. कोलकाता आणि चेन्नई ही दोन्ही बंदरे तेथून समुद्रमार्गाने सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहेत. या राजधानीपासून उत्तर टोकाच्या दिगलीपूरपर्यंत सुमारे ३३० किलोमीटर लांबीचा एक रस्ता जातो. त्याला ‘अंदमान ट्रंक रोड’ म्हणतात. दक्षिण अंदमान, बाराटांग, मध्य अंदमान आणि उत्तर अंदमान ही बेटे त्याने एका सूत्रात ओवली आहेत. बेटांच्या मध्ये खाड्या आहेत. काही खाड्यांवर आता पूल झाले आहेत. दक्षिण अंदमान आणि बाराटांग यांच्यामधील मिडल स्ट्रेट ही खाडी ओलांडण्याची रीत मात्र वेगळी. तेथे बस, मोटार, मालाचा ट्रक आणि माणसे अशी सारीच एका सपाट फेरीबोटीवर चढतात. गोव्यात मांडवी नदी ओलांडून दिवाडी किंवा चोडण बेटावर ज्यांनी आपले वाहन नेले आहे, त्यांना या रीतीची थोडीफार कल्पना असेल.

फेरीबोट ही प्रवाशाची चांगली शिक्षिका असते. मोटारीत बसलेल्या माणसाला वाटते, वेग आपल्या पायाखाली आहे. धक्क्यावर पोहोचताच हा भ्रम दूर होतो. बोट पलीकडच्या तीरावर असेल, तर ती येईपर्यंत थांबावे लागते. भरती-ओहोटी, वारा, रांग आणि नावाड्याचा निर्णय यांपुढे घाई चालत नाही. शिवाय बोटीवर सर्वांना सारखीच जागा मिळते. भाड्याच्या आलिशान मोटारीतून आलेला पर्यटक आणि भाजीची टोपली घेऊन उभी असलेली बाई एकाच कठड्याला टेकतात. बेटावर आपण निमंत्रण नसताना आलेले पाहुणे आहोत, ही जाणीव ज्याला व्हायची त्याला येथेच होते.

पाहुण्याच्या नजरेने पाहिले, तर या रस्त्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बाराटांगला खारफुटीच्या अरुंद नाळेतून होडीने गेले, की चुनखडीच्या गुहा लागतात. त्याच बेटावर चिखलाचे बुडबुडे काढणारा मृत्तिका-ज्वालामुखी आहे. उत्तरेस ७३२ मीटर उंचीचे सॅडल शिखर आहे. अंदमानात याहून उंच जागा नाही. पण निसर्गापेक्षाही अधिक विचार करायला लावतात ती तेथील गावे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांना मध्य आणि उत्तर अंदमानात जमिनी देऊन वसवण्यात आले. मायाबंदरजवळ करेन लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज १९२५ साली ब्रह्मदेशातून येथे आले. छोटा नागपूरच्या परिसरातून आलेल्या मजुरांचे वंशज आहेत, तमिळ आणि तेलुगू कुटुंबे आहेत. आपापल्या घरात हे लोक आपापली भाषा बोलतात आणि बाजारात सर्वांच्या सोयीची हिंदी बोलतात. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसणाऱ्या प्रवाशाला येथे भारताचा जो धडा मिळतो, तो ग्रंथातून सहजासहजी मिळत नाही. मित्रांनी मिळून केलेल्या प्रवासाचे खरे फळ ते हेच.

या रस्त्याचा एक भाग मात्र पाहण्यासाठी नाही. राजधानीच्या उत्तरेस जिरकाटांग नावाचे तपासणी नाके लागते. तेथून मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंतचा सुमारे ४९ किलोमीटरचा रस्ता जारवा या आदिवासी समाजासाठी राखून ठेवलेल्या अरण्याला लागून आणि त्याच्या आतून जातो. ठरलेल्या वेळीच वाहनांचा ताफा सोडला जातो. त्याच्यासोबत पोलीस असतात. वाहन थांबवायचे नाही, वेग मर्यादेत ठेवायचा, छायाचित्र घ्यायचे नाही, कोणालाही खाण्याचे पदार्थ किंवा वस्तू द्यायच्या नाहीत, असे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्यास शिक्षा आहे. नियम वाचताना साऱ्यांनाच पटतात. परंतु वळणावर एखादे जारवा कुटुंब उभे दिसले, की मोटारीतल्या माणसांचा कस लागतो.

जारवा समाज फार लहान आहे. २०११ सालच्या जनगणनेत त्यांची संख्या अवघी ३८० नोंदली गेली. शिकार, मासेमारी, मध आणि कंदमुळे यांवर त्यांचा चरितार्थ चालतो. ‘जारवा’ हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे. शेजारच्या एका अंदमानी भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘परके’ असा सांगतात. ते लोक स्वतःला ‘अंग’ म्हणवतात. ज्या भूमीवर ते सहस्रावधी वर्षे राहत आले, त्या भूमीवर जगाने त्यांना परके हे नाव द्यावे, यात मोठा विपर्यास आहे. त्यांच्या संरक्षणासाठी १९५६ साली विनियम झाला आणि १९५७ साली त्यांचे क्षेत्र राखीव म्हणून जाहीर झाले. तरीही १९७० च्या दशकात त्याच अरण्यातून रस्ता काढण्याचे काम सुरू झाले. जारवांनी त्याला बाणांनी विरोध केला. १९८९ साली रस्ता वाहतुकीला खुला झाला. १९९८ च्या सुमारास जारवांनी धनुष्यबाण बाजूला ठेवून वस्त्यांकडे येण्यास सुरुवात केली. आणि लगेच १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटणारा आजार त्यांच्यासाठी प्राणघातक ठरू शकतो, कारण त्या रोगाशी त्यांच्या शरीराची पूर्वओळख नसते.

२००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्राजवळचा हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तो अमलात आला नाही. २०१२ च्या प्रारंभी एक चित्रफीत जगभर दाखवली गेली. तिच्यात खाण्याच्या मोबदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचण्यास सांगितले जात होते. देशात संताप व्यक्त झाला, त्याच वर्षी कायद्यातील शिक्षा अधिक कडक करण्यात आली. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने हंगामी आदेशाने पर्यटकांची वाहतूक थांबवली. मार्चमध्ये ती पुन्हा सुरू झाली. कायदा, न्यायालय आणि पोलीस यांचे सामर्थ्य कोठे संपते, हे या इतिहासावरून कळते. शेवटचा निर्णय बंद काचेच्या आत बसलेल्या चार-पाच माणसांच्या हाती राहतो.

आणि येथेच मैत्रीचा प्रश्न उपस्थित होतो. एकटा माणूस सहसा जे करण्यास धजत नाही, ते समूहात करून जातो. एक जण हसत काच खाली करतो, दुसरा बिस्किटांचा पुडा पुढे करतो, तिसरा हळूच कॅमेरा काढतो आणि चौथ्याला हे आवडत नसूनही तो गप्प बसतो. कारण मित्रांच्या आनंदात आपण विरजण घातले, असे त्याला होऊ द्यायचे नसते. यांतील कोणीही दुष्ट नसतो. घरी हेच तरुण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, पाहुण्यांना पाणी देतात. परंतु सोबत्यांच्या हास्यात लाज पातळ होते. पुडा देण्यामागे दया असल्याचा समज असतो. प्रत्यक्षात ती प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यापाशी घडणाऱ्या कृतीपेक्षा वेगळी नसते. ‘जसा संग तसा रंग’ ही म्हण दोन्ही दिशांनी खरी आहे. ज्या समूहात एकाच्या उतावळेपणाने सारे वाहवत जातात, त्याच समूहात एकाच्या शांत शब्दाने सारे सावरतातही. “काच वर घे,” एवढे तीन शब्द बोलणारा मित्र त्या दिवशी आपल्या सोबत्यांचे आणि बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी कुटुंबाचे एकाच वेळी हित करतो. जो मित्र केवळ होकार देतो, त्याला सोबती म्हणता येईल. वेळेवर नकार देणाऱ्यालाच मित्र म्हणणे योग्य.

या मतावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा, की हा रस्ता मध्य आणि उत्तर अंदमानातील रहिवाशांची जीवनवाहिनी आहे. रुग्णाला राजधानीच्या रुग्णालयात न्यायचे, शेतमाल बाजारात पाठवायचा, विद्यार्थ्याने परीक्षेला जायचे, तर रस्ता हवाच. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. ज्या कुटुंबांना शासनानेच तेथे नेऊन वसवले, त्यांच्या अडचणी दूरच्या शहरात बसून क्षुल्लक ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु रुग्णाची निकड आणि पर्यटकाचे कुतूहल एकाच तराजूत घालता येत नाही. रहिवाशाला रस्ता लागतो तो पलीकडे पोहोचण्यासाठी. पर्यटकांपैकी पुष्कळांना मात्र तो लागतो वाटेत काहीतरी ‘दिसावे’ म्हणून. पहिल्याच्या गरजेचा आधार घेऊन दुसऱ्याने आपल्या हौसेचे समर्थन करू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जारवांना जगापासून दूर ठेवणे म्हणजे त्यांना संग्रहालयातील वस्तू बनवणे होय. त्यांनाही शाळा, दवाखाने आणि सुखसोयी मिळायला नकोत काय, असे विचारले जाते. या प्रश्नातील कळकळ प्रामाणिक असू शकते. परंतु संबंध जोडायचा की नाही, जोडायचा तर केव्हा आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? शासनाने २००४ साली स्वीकारलेल्या जारवा धोरणाचा रोखही हाच आहे, की त्यांच्या जीवनात बाहेरून होणारा हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि त्यांना मुख्य प्रवाहात बळाने ओढू नये. आजारी जारवा रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्यावर उपचार होतातच आणि व्हायलाच हवेत. मोटारीच्या खिडकीतून मिळणारी केळी आणि तंबाखू यांना मात्र विकास म्हणता येत नाही. त्यांतून शिक्षण मिळत नाही, आरोग्यही मिळत नाही. मिळते ते केवळ हात पसरण्याचे वळण.

या बाबतीत इतिहासाने दिलेला इशारा त्याच बेटांवर लिहिलेला आहे. १८५८ साली इंग्रजांनी येथे बंदिवानांची वसाहत स्थापन केली, तेव्हा ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक जमाती मिळून काही हजार माणसे होती. चकमकी झाल्या, वसाहत वाढली, आणि वसाहतीबरोबर गोवरासारखे रोग आले. १९०१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६२५ भरली. १९६१ साली ती १९ होती. माणसांबरोबर भाषा गेल्या. ‘बो’ ही त्यांपैकी एक भाषा; ती बोलणारी शेवटची वृद्धा २०१० साली निवर्तली. भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी यांनी या भाषांच्या नोंदी मोठ्या परिश्रमाने करून ठेवल्या. परंतु नोंद म्हणजे भाषा नव्हे. ज्या भाषेत हाक मारायला कोणी नाही आणि ओ द्यायलाही कोणी नाही, ती भाषा ध्वनिफितीवर उरली तरी मुकीच असते. आपल्या प्रदेशापासून दूर राहून मातृभाषा जपू पाहणाऱ्या वाचकाला या दुःखाची खोली अधिक चांगली समजेल. कोणत्याही समाजाचा नाश व्हावा अशी इच्छा तेव्हाही कोणी उघडपणे धरली नव्हती. पुष्कळसे नुकसान जवळीक लादल्यानेच झाले.

अंदमानला गेलेला प्रत्येक प्रवासी सेल्युलर जेल पाहतो. मराठी वाचकाच्या मनात तर या स्थानाला वेगळेच महत्त्व आहे. १९११ ते १९२१ या काळात विनायक दामोदर सावरकर तेथे बंदिवासात होते. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या या तुरुंगाच्या सात लांब इमारती मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत होत्या. ६९६ कोठड्या होत्या. रचनाच अशी, की मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला सातही इमारतींवर नजर ठेवता यावी आणि कैद्याला समोरच्या इमारतीची पाठ तेवढी दिसावी. १९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झालेल्या या वास्तूत प्रवासी नम्र होतो. आपल्या इच्छेविरुद्ध सतत दुसऱ्याच्या नजरेखाली जगणे ही केवढी यातना असते, याचा बोध त्याला तेथे होतो. आणि मग दुसऱ्याच दिवशी पहाटे तोच प्रवासी मित्रांसह जिरकाटांगच्या ताफ्यात उभा राहतो आणि चालत्या मोटारीच्या काचेआडून माणसे शोधू लागतो! काल ज्या नजरेचा त्याला तिटकारा आला, तीच आज त्याच्या डोळ्यांत उतरलेली असते. स्मारकापुढे वाकवलेली मान दुसऱ्या दिवशीच्या आचरणात उतरली नाही, तर त्या वंदनाला काय अर्थ राहिला?

यावर उपाय अवघड नाही. राजधानीहून रंगत, मायाबंदर आणि दिगलीपूरजवळच्या एरियल बे या बंदरांकडे प्रशासनाच्या बोटी जातात. मित्रांच्या समूहाने जाताना हा जलमार्ग निवडावा. वेळ अधिक लागेल, समुद्र खवळला तर एखादा दिवस वायाही जाईल, आणि बोटीच्या वेळापत्रकापुढे स्वतःचे वेळापत्रक वाकवावे लागेल. पण बेटांचे बेटपण कळते ते डेकवर उभे राहून, एकेक किनारा हळूहळू वर येताना पाहण्यातच. रंगतला उतरल्यावर मोटार भाड्याने घेऊन उत्तरेकडचा रस्ता खुशाल धुंडाळावा. त्या रस्त्यावर गावे आहेत, शेते आहेत, आगतस्वागत करणारी माणसे आहेत. तेथील मुक्कामाचा आणि भोजनाचा खर्च स्थानिकांच्या हाती जातो, हाही लाभच. ज्यांना काही कारणाने राखीव क्षेत्रातूनच जावे लागेल, त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवावा, काचा बंद ठेवाव्यात आणि ४९ किलोमीटर एखाद्या निजलेल्या घरातून चालल्यासारखे निमूटपणे पार करावेत. बाराटांगच्या गुहा काही कोठे पळून जात नाहीत. आणि त्या पाहायच्या राहून गेल्या, तरी आयुष्यात फार मोठे काही उणे पडत नाही.

पाहणे ही प्रवासाची प्रेरणा आहे, हे खरे; पण न पाहणे हादेखील प्रवासाच्या संस्काराचा भाग आहे. उघड्या दारावरून जाताना सुसंस्कृत माणूस आत डोकावत नाही. कोणी मनाई केली म्हणून नव्हे. ते घर दुसऱ्याचे आहे म्हणून. आपल्याकडे पाहुण्याने आपली पायरी ओळखून वागावे, असे म्हणतात. त्यात कमीपणा नाही. उलट पाहुण्याचा मान त्यामुळेच राहतो.

प्रवास संपतो, मित्र आपापल्या गावी परततात आणि एखाद्या संध्याकाळी छायाचित्रे घेऊन पुन्हा एकत्र बसतात. फेरीबोट, खारफुटीची नाळ, सॅडल शिखर, चहाच्या टपरीवरचा वृद्ध करेन शेतकरी अशी छायाचित्रे एकामागून एक हातोहात फिरतात. मध्येच कोणीतरी विचारतो, “त्या जंगलातले एकही छायाचित्र कसे नाही?” त्यावर सर्वांनी एकमेकांकडे पाहून केवळ स्मित करावे. त्या संग्रहातील ती रिकामी जागा त्यांच्या मैत्रीची सर्वांत चांगली आठवण असेल.